आमची वाटचाल: चाक आबांच्या हातात बसलं तेव्हा

जळगाव एमआयडीसीत भाड्याने शेड घेतली तेव्हा एक जुना लेथ, एक शेपर आणि वडिलांच्या ओळखी एवढंच भांडवल होतं. डाळ मिलचे रोलर, चटई कारखान्यांचे शाफ्ट-बुश, पाइपच्या डायची दुरुस्ती, येईल ते काम केलं. ती वर्षं सगळ्याच वर्कशॉपवाल्यांची सारखी असतात, सोडून देतो.

वळण आलं ते भंगारात निघालेल्या एका सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणाऱ्या, मिलिंग मशीनमुळे. बेड ठणठणीत, टेबल सरकवणारे बॉलस्क्रू चांगले, फक्त कंट्रोलर, म्हणजे मशीनचा मेंदू, मेलेला. नव्या कंट्रोलरचा भाव मशीनपेक्षा जास्त. डिप्लोमा झालेला भाचा म्हणाला, "मामा, लिनक्ससीएनसी टाकू, फुकट आहे." अमेरिकेतल्या एनआयएसटी या सरकारी संस्थेच्या कामातून निघालेलं सॉफ्टवेअर. दीड महिन्यात प्रोग्राम चालला, पेढे वाटले.

पण आमचे टर्नर आबा मशीनला हात लावेनात. ते अमळनेरकडचे, सगळा जन्म हँडल फिरवण्यात गेलेला. कीबोर्डचा बाण दाबून टेबल सरकवायचं आणि बोट उचलेपर्यंत ते पुढे गेलेलं. "हाई मशीन मनं आयकत नही," म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. जॉबला, म्हणजे कापायच्या तुकड्याला, टूल टेकवताना कारागीर हाताने बघतो, डोळ्याने नाही. म्हणून जॉगचं हँडव्हील, म्हणजे हाताने फिरवून टेबल थोडं थोडं सरकवायचं चाक, बसवायचं ठरलं.

एका फेऱ्यात 100 खटके, आणि तीन जागांचा स्विच: एका खटक्याला 0.001, 0.01 किंवा 0.1 मिलिमीटर. कागदावर सोपं. पहिल्याच दिवशी एज फाइंडर (जॉबची कड शोधायची दांडी) जॉबपासून मिलिमीटरभर लांब होता. आबांनी 0.1 वर ठेवून मोजून पाच खटके दिले, म्हणजे अर्धा मिलिमीटर. टेबल दोन मिलिमीटर गेलं आणि एज फाइंडर वाकला. चाकातून ए आणि बी असे दोन सिग्नल निघतात, आणि सॉफ्टवेअर दोन्हींचा प्रत्येक चढ-उतार मोजतं. एका खटक्याला चार मोजण्या, फेऱ्याला 400. आम्ही स्केल, म्हणजे एका मोजणीला किती मिलिमीटर, 0.1 भरलं होतं, हवं होतं 0.025. तेव्हापासून घरी जाताना स्विच सगळ्यात लहान जागेवर फिरवून जायची आबांना सवय लागली.

दुसरं कोडं जास्त छळणारं निघालं. होमिंगच्या, म्हणजे मशीनने आपली शून्याची जागा शोधण्याच्या, आधी चाक झकास चालायचं, होमिंग झालं की मुकं. दोन दिवस वायरिंग तपासलं. वायरिंगचा दोषच नव्हता. होमिंगपूर्वी मशीन सुटे जॉइंट, म्हणजे एकेक मोटर, चालवतं, नंतर अ‍ॅक्सिस, म्हणजे एक्स-वाय-झेड दिशा, आणि आम्ही चाक फक्त जॉइंटला जोडलेलं. दोन्हीकडे जोडलं तेव्हा बोलायला लागलं.

मग दिशेवरून वाद. एक्स प्लस दिलं की टेबल डावीकडे जातं, आबांना हे उलटं वाटे. टेबल सरकलं तरी मोजायचं टूल सरकलं असं, हे पटवायला चहाचे तीन राउंड लागले. जोरात फिरवून चाक थांबवलं तरी टेबल राहिलेले खटके पुरे करत पुढे जायचं, म्हणून स्विचच्या मोठ्या जागेवर "चाक थांबलं की थांब" ही सेटिंग ठेवली. त्यात काही खटके वाया जातात, तेव्हा लहान दोन जागांवर मात्र प्रत्येक खटका हिशेबात धरला.

स्पिंडलचा, म्हणजे टूल फिरवणाऱ्या दांड्याचा, ड्राइव्ह चालू केला की स्क्रीनवरचा शेवटचा आकडा आपोआप थरथरायचा. हेही आबांनीच पकडलं. शील्डेड केबल घेतली, शील्ड एकाच टोकाला अर्थ केलं, ड्राइव्हच्या वायरींपासून लांब नेली. चाकाशेजारी एक बटण दिलं, ते दाबून धरल्याशिवाय चाक काम करत नाही. इमर्जन्सी स्टॉपचं कनेक्शन असं की वायर तुटली तरी मशीन थांबतं.

आता भुसावळ, चाळीसगाव, धुळ्याहून जुनी मशीनं कंट्रोल बदलायला येतात. गिऱ्हाईक आलं की मी प्रोग्राम दाखवत नाही, चाक हातात देतो. भाव पाच मिनिटांत ठरतो. मागच्या महिन्यात एकजण अडून बसले, चाक उलटं फिरायला हवं, त्यांच्या जुन्या हँडलची तीच सवय. ए आणि बीच्या वायरी अदलाबदल केल्या, काम झालं. भाच्याने पॅनलच्या आत मार्करने लिहून ठेवलं: "उलटं आहे, मुद्दाम."