तुम्ही विचारलंत म्हणून: बाबांच्या यशिकाचे किती येतील?

मी जुने जपानी कॅमेरे जमवतो हे कळलं की हा प्रश्न हमखास येतो. कपाट आवरताना सापडलेला तो यशिका बहुतेक वेळा एमएफ-2 असतो, नाहीतर इलेक्ट्रो 35. चांगले कॅमेरे आहेत, पण संग्राहक त्यांना मोठी रक्कम देत नाहीत, कारण ते घरोघरी पोचले. नुसतं वय वाढून कॅमेऱ्याची किंमत वाढत नाही. मुळात किती बनले आणि त्यातले किती धड उरले, हे बघितलं जातं. त्यामुळे आज सर्वात महाग कॅमेरे बरेचदा तेच असतात, जे त्या काळी कुठेतरी अडले होते.

1948 चा निकॉन वन बघा. युद्धात लष्करासाठी दुर्बिणी बनवणाऱ्या निप्पॉन कोगाकूचा, म्हणजे आजच्या निकॉन कंपनीचा, हा पहिला कॅमेरा. बाहेरून जर्मन कॉन्टॅक्ससारखा, आतलं शटर मात्र लायका या दुसऱ्या जर्मन कॅमेऱ्याच्या धर्तीचं. त्याची फ्रेम, म्हणजे फिल्मवर एका फोटोची चौकट, नेहमीच्या 24 × 36 ऐवजी 24 × 32 मिलिमीटर होती, म्हणजे एका रोलमध्ये चार फोटो जास्त. युद्धानंतरच्या तंगीत हा फार शहाणा विचार होता, असं मला अजूनही वाटतं. पण अमेरिकेत स्लाइड (पडद्यावर दाखवायचे पारदर्शक फोटो) कापण्याची यंत्रं 24 × 36 च्या मापाची, त्यात हे फोटो नीट कापले गेले नसते. तेव्हा जपान अमेरिकी ताब्यात होता आणि तिथल्या प्रशासनाने निर्यातीला नकार दिला. कंपनीने माप बदललं, पुढचं मॉडेल काढलं आणि निकॉन वन आठशेच्या आतच थांबला. 2016 साली व्हिएन्नातल्या लिलावात त्यातला अगदी सुरुवातीचा एक 3 लाख 84 हजार युरोंना गेला. ज्या मापामुळे तो नाकारला गेला, त्याच मापाने तो इतका दुर्मीळ झाला!

1960 चा निकॉन एस3एमही तसाच. नेहमीच्या निम्म्या मापाच्या फ्रेमचा, त्यामुळे एका रोलवर 72 फोटो काढणारा; बनले फक्त 195.

काळ्या रंगाच्या बॉडीलाही जास्त भाव येतो. चकचकीत क्रोमच्या मानाने त्या कमी निघाल्या आणि बऱ्याचशा व्यावसायिक छायाचित्रकारांनी झिजवल्या. कडांवर रंग उडून पितळ दिसत असेल तर ते तसंच राहू द्या. नव्याने रंगवलेल्या बॉडीची किंमत पडते, आणि क्रोमवर काळा रंग चढवून फसवणारेही आहेत. विकायचा विचार असेल तर घासूनपुसून चकाकी आणायच्या भानगडीत कृपा करून पडू नका.

आपल्याकडचा खरा शत्रू म्हणजे बुरशी. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात चामड्याच्या केसमध्ये बंद ठेवलेल्या लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरतात. ते काचेच्या थरात खोल गेले की साफ करूनही डाग राहतो. केस वेगळी ठेवा, कॅमेरा ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवा.

आता तुमचा यशिका. माझ्या मते तो विकू नका, त्यात रोल घाला. एमएफ-2 ला दोन पेन्सिल सेल पुरतात. इलेक्ट्रो 35 चा जुना पाऱ्याचा सेल आता बनत नाही, पण अडॅप्टर लावून 6 व्होल्टचा सेल चालतो. त्याआधी सेलच्या कप्प्यात हिरवट गंज आहे का ते बघा. असला तर आधी दुरुस्तीवाल्याकडे न्या.