तिकिटाच्या दुकानातून कासवांच्या किनाऱ्यावर : आमची वाटचाल

आमच्या दुकानाच्या पाटीवर अजूनही 'रेल्वे, बस, विमान : सर्व प्रकारची तिकिटे मिळतील' असंच लिहिलेलं आहे. पाटी बदलायची राहून गेली, ती राहूनच गेली. त्यामुळे मुलांच्या अभ्याससहलीसाठी मध्य अमेरिकेतल्या कोस्टारिकाची चौकशी करायला आलेले पालक आधी दोनदा वर बघतात, मगच चपला काढून आत येतात.

जळगावात वडिलांनी दुकान टाकलं तेव्हा तिकिटाचा धंदा म्हणजे पहाटे चारला स्टेशनच्या खिडकीपुढे रांग. मी गल्ल्यावर बसलो तोवर इंटरनेट आलं, आणि पुढच्या काही वर्षांत लोक मोबाइलवर स्वतःच तिकीट काढायला लागले. मग चारधाम, अष्टविनायक. बसभर माणसं, सोबत आपला आचारी, डिकीत कळण्याचं पीठ. त्या यात्रांनी घर चालवलं, हे मी कधी लपवत नाही. शाळांच्या सहली त्यातूनच आल्या. अजिंठा, पाटणादेवी, उनपदेव.

बायको ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. एकदा म्हणाली, "तुझी सहल करून आलेल्या पोरांना काय बघितलं विचारलं, तर माकडं आणि कुल्फी सांगतात." झोंबलं. त्या वर्षी आम्ही एक मिनीबस कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर नेली. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायचं काम सुरू केलं. गावकऱ्यांच्या घरी मुक्काम, सकाळी वाळूतली टोपली उचलली की खाली पिल्लं. बसमध्ये नुसता धिंगाणा घालणारी आमची पोरं तिथे अर्धा तास चिडीचूप उभी होती. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की या धंद्यात तिकिटापलीकडे काही आहे.

कोस्टारिका मात्र ठरवून आलं नाही. बायकोची एक जुनी विद्यार्थिनी तिकडे संशोधनाला होती. तिने एका अभ्यासकेंद्राशी गाठ घालून दिली. नववी ते बारावीची मुलं, मे महिन्यात सोळा दिवस, उष्ण कटिबंधातली जंगलं आणि त्यांचं संवर्धन, रोज सकाळी काम आणि संध्याकाळी वर्ग. नकाशा काढून बघितलं तर देश केवढा, ५१,१०० चौरस किलोमीटर. आपले जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून जेवढे होतात त्याच्या साधारण दुप्पट.

जाहिरात दिल्यावर पहिल्या आठवड्यात अमळनेरहून एक कुटुंब आलं. आईवडील फीचं विचारत होते, मुलगा फोनमध्ये, आणि आजी खुर्चीवर मांडी घालून भिंतीवरचा स्लॉथचा, म्हणजे तिकडच्या झाडावर लटकणाऱ्या आळशी प्राण्याचा, फोटो न्याहाळत होती. मध्येच म्हणाली, "जंगल देखाले इतला लांब जावानं? आपला सातपुडा काय मरी गया का?"

मी हसून वेळ मारून नेली. "आजी, तिथलं जंगल वेगळं." काय वेगळं, हे मला तेव्हा धड माहीत नव्हतं.

कागदपत्रांनी जीव खाल्ला. आमच्याकडे एकाच घरात आजोबा पाटील आणि बाप चौधरी. शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव, जन्मदाखल्यावर दुसरं, पासपोर्टला तिसरंच स्पेलिंग. अमेरिकेचा अनेकदा प्रवेशाचा वैध व्हिसा असेल तर कोस्टारिकाचा वेगळा व्हिसा लागत नाही, ही माहिती आम्हाला फार उपयोगी पडली. पण तो व्हिसा मिळवायचा म्हणजे मुंबईच्या खेपा आल्या. शिवाय दोन्ही पालकांचं नोटरी केलेलं संमतिपत्र. एका मुलाचे वडील सैन्यात, सीमेवर. त्यांच्या सहीसाठी सतरा दिवस थांबलो. त्यातच विमानाच्या गट-बुकिंगसाठी एका मोठ्या शहरातल्या एजंटाला दिलेली अनामत बुडाली. नाव घेत नाही, पैसे आजवर आलेले नाहीत. पहिल्या तुकडीत नऊ मुलं होती आणि आम्ही निव्वळ तोट्यात होतो.

पण खरी चूक माझीच झाली, ती तिकडे पोहोचल्यावर.

कोस्टारिकाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या तोर्तुगेरोला रस्ता जात नाही. कालव्यांतून होडीने किंवा छोट्या विमानाने जायचं. हिरव्या कासवांचा हा किनारा. पूर्वी सूपसाठी इथून ती भरभरून परदेशी जायची. १९५९ पासून तिथे कासवांच्या रक्षणाचं संघटित काम चालू आहे, त्यामागे आर्ची कार या अमेरिकन कासव-अभ्यासकाचं नाव. हिरवी कासवं मुख्यतः जुलैपासून येतात, म्हणजे आपल्या शाळा सुरू झाल्यावर. मे महिन्यात येतं ते लेदरबॅक, जगातलं सगळ्यात मोठं कासव. पाठ दीड मीटरची, वजन तीन-चारशे किलो, आणि कवचाऐवजी काळी चामड्यासारखी कातडी. गस्त रात्रीची. गडद कपडे, पांढरा उजेड बंद, फक्त लाल बॅटरी, तीही गस्तप्रमुखाच्या हातात.

फोन खोलीवर ठेवा असं बजावलं होतं. मुलांनी ठेवले. मी ठेवला नाही. पालकांना शब्द दिला होता ना, 'माझा फोन चोवीस तास चालू'! आपण तिथून साडेअकरा तास पुढे. तिथे रात्रीचे दहा, म्हणजे जळगावात सकाळचे साडेनऊ, सगळ्या आयांची कामं आटोपून पोराची आठवण यायची वेळ. काळ्या वाळूवर आम्ही रांगेत बसलेलो. पंधरा-वीस पावलांवर ती कासवीण पाण्यातून वर सरकत होती. थांबायची, जोरात श्वास टाकायची, पुन्हा सरकायची. तेवढ्यात माझ्या छातीवरच्या खिशात भुसावळचा फोन लागला आणि शर्टातून सगळा पडदा पांढराफेक उजळला.

ती थांबली. मग वळली. तेवढं मोठं धूड वळायला बराच वेळ लागतो, आणि तो सगळा वेळ आम्ही बघत बसलो. अंडी न घालता परत गेली. गस्तप्रमुख बाई काहीच बोलल्या नाहीत. लाल उजेडात वहीत एक ओळ लिहिली. मुलांनीही काही म्हटलं नाही, ते जास्त लागलं. परतताना एक मुलगी फक्त म्हणाली, "काका, तुम्ही?"

दोन रात्रींनी दुसरी आली. या वेळी माझे खिसे मोकळे. मागच्या दोन वल्ह्यांसारख्या पायांनी ती आळीपाळीने वाळू उपसत होती, आणि तो पाय अगदी आपण कढईतून उलथन्याने शिरा काढावा तसा वाकायचा. खड्डा हातभर खोल झाल्यावर अंडी सुरू झाली. किनारा वाहून जात होता म्हणून अंडी पिशवीत झेलून वरच्या राखीव जागेत पुरायची होती. धरणगावची मुलगी पोटावर झोपून, हातमोजे घालून पिशवी धरून होती, दुसरा मुलगा मोजत होता. चौऱ्याऐंशी झाली, आणि मग शेवटी लिंबाएवढी छोटी छोटी यायला लागली. मुलगा आकडा विसरला. त्या छोट्यांत बलकच नसतो, त्यांतून पिल्लू होत नाही, ती वेगळी मोजतात. त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावीशी वाटत होती, पण कासवीण काही थांबणार नव्हती.

तेव्हापासून आमच्या करारपत्रात एक कलम आहे : रात्री गस्तीच्या वेळी फोन लागणार नाही, घाबरू नये.

नंतर आम्ही पश्चिमेला ग्वानाकास्तेला गेलो, आणि तिथे आजीबाईंचा प्रश्न माझ्यापुढे येऊन उभा राहिला. स्लॉथ आणि धबधब्यांचं जंगल डोक्यात घेऊन गेलो होतो. बघतो तर सहा महिने कोरडं राहणारं, पानं गाळणारं रान. म्हणजे सातपुडाच. वाटेवर ओळीने लावलेली झाडं दिसली आणि चोपड्याची मुलगी बसमधून ओरडली, "साग!" गाइड 'तेका' म्हणत होता. झाड आपल्याकडचंच, तिकडे लाकडासाठी लावलेलं. पहिला पाऊस पडून गेला होता, कोवळी पानं आली होती. तिने एक पान तळहातावर चोळून हात लालभडक करून दाखवला. घरी तेव्हा साग खराट्यासारखा उभा असतो, तिने गाइडला सांगितलं.

तिथल्या रानाची गोष्टही आपल्यासारखीच. गुरांसाठी जंगल तोडलं, आफ्रिकेतलं गवत पेरलं, ते दरवर्षी पेटायचं. डॅनियल जानझेन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सोबत्यांनी १९८० च्या दशकापासून मुख्यतः आग थांबवली आणि जंगल परत यायला लागलं. १९९० च्या दशकात तर एका उजाड तुकड्यावर ज्यूस कारखान्याच्या सुमारे १२,००० टन संत्र्याच्या साली ओतल्या होत्या. दुसऱ्या कंपनीने कोर्टात जाऊन ते बंद पाडलं. पुढे सोळाएक वर्षांनी पाहिलं तर तिथे दाट झाडी.

दर तुकडीत एक जागा आम्ही बिनपैशाची ठेवतो. त्या वर्षी धडगावकडचा एक पावरा आदिवासी मुलगा होता, तोवर गप्प गप्प असलेला. गाइडने आग अडवायचा साफ केलेला पट्टा दाखवला, तर हा पटकन म्हणाला, "ही तर जाळरेषा." मग त्यानेच सांगितलं की आमच्याकडे मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, आणि ती आग कधी कधी हाताबाहेर जाते. मी भाषांतर करत होतो, बायको इंग्रजी दुरुस्त करत होती, आणि गाइड वही काढून त्याच्याकडून लिहून घेत होता.

केळीचंही तसंच. रावेरचा एक मुलगा, घरी वीस हजार खोड. केळीच्या मळ्यात शिरल्याबरोबर, "काका, हे तर आपलं जी-नाईन." केळीचा वाण तोच. घड तारेवर लटकवून पॅकिंगपर्यंत ओढत नेतात ते बघून तो हरखला, बापाला व्हिडिओ पाठवला. पानांवरच्या करपा रोगासाठी विमानातून फवारणी होते हे ऐकून तर बापाचा उलट फोन आला. मग याने विचारलं की घडावरच्या निळ्या पिशव्यांचं पुढे काय होतं. गाइड म्हणाला, आता गोळा करतात, पण पूर्वी खूप पिशव्या नदीत जायच्या, आणि नद्या समुद्राला मिळतात. पोरगा जरा वेळाने मला म्हणाला, "आमच्याकडे बांधावर जाळतात." एवढंच.

परत आल्यावर बायको आणि मी हिशोबाला बसलो तो पैशाचा नव्हता. ठरलं असं की आधी सातपुड्यात पाच दिवस राहिल्याशिवाय कोणालाही कोस्टारिकाला न्यायचं नाही. पालक कुरकुरले. "भाऊ, पैसे परदेशाचे, आणि पोरगं पालला?" पाल म्हणजे रावेर तालुक्यातलं सातपुड्याचं गाव. काही जण सोडून गेले. आम्ही मात्र ठाम राहिलो. तोरणमाळला पहाटे वनपिंगळा, म्हणजे एक छोटं घुबड, शोधायला नेतो. १८८४ नंतर या पक्ष्याचा खात्रीचा पुरावाच नव्हता, संपला असंच धरलं होतं. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीतज्ज्ञ आणि त्यांच्या सोबत्यांना तो शहाद्याजवळ सापडला. आपल्या शहाद्याला! नंदुरबारच्या मुलांनाही हे माहीत नसतं. पहिल्या वर्षी आम्हाला तो दिसला नाही. दुसऱ्या वर्षी सकाळी साडेआठला, चांगल्या उन्हात, सागाच्या फांदीवर शेपूट हलवत बसला होता.

मग साक्री तालुक्यातलं बारीपाडा. गावाने सुमारे ११०० एकर जंगल स्वतः राखलंय. झाड तोडलं तर दंड. तिथे वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. हे काम उभं करणारे चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. कोस्टारिकात १९९७ पासून जंगल राखणाऱ्या जमीनमालकाला सरकार पैसे देतं, त्यासाठी इंधनावरच्या कराचा हिस्सा वापरतात. तिथलं जंगल एकेकाळी पार खाली गेलं होतं, आता निम्म्याहून जास्त देश झाडीखाली आहे. बारीपाडा पाहून गेलेली मुलं तिथे बरोबर प्रश्न विचारतात : पैसे बंद झाले तर हा माणूस जंगल ठेवेल का? न पाहता गेलेली फोटो काढायची.

करोनाचं थोडक्यात सांगतो. मे २०२० ची तुकडी भरलेली होती. विमान कंपनीने रोख न देता 'पुढे वापरा' म्हणून जमा दाखवली, पालकांना तर रोखच हवी होती. सोनं गहाण ठेवून सगळ्यांचे पैसे परत केले. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच आम्ही गोळा करायचा आगाऊ कर, आला, तो पालकांना समजावण्यात अजूनही अर्धी चौकशी जाते. दोन उन्हाळे फक्त सातपुड्याची शिबिरं केली, तीही कमी मुलांची. गंमत म्हणजे दुकानाचं भाडं आता त्या शिबिरांवरच निघतं. कोस्टारिकात दर वर्षी सुटतं ते जेमतेम.

तिकडचं खाणं हा प्रश्न मात्र कधीच आला नाही. तांदूळ आणि काळा घेवडा एकत्र परतलेला गायो पिंतो सकाळ-संध्याकाळ. आपली पोरं त्याला खिचडी म्हणतात आणि वरून घरचा ठेचा घेतात.

यंदा कोस्टारिकाला अकरा जण आहेत आणि सातपुड्याच्या दोन तुकड्या. दुसऱ्या तुकडीत अमळनेरच्या त्या आजीबाईंची धाकटी नात आहे. फॉर्म आजीनेच सांगून भरून घेतलेला दिसतो. 'कशाची अ‍ॅलर्जी आहे का' या रकान्यात लिहिलंय, "काही नाही. भरीत खात नाही, तेवढं जरा बघा."