चार पाणलोट, चार कटथ्रोट: वायोमिंगच्या ओढ्यांवरची फ्लाय फिशिंगची वाट

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्याच्या गेम अँड फिश (शिकार आणि मासे) खात्याने १९९६ साली 'कट-स्लॅम' नावाचा उपक्रम सुरू केला. राज्यात कटथ्रोट ट्राउटच्या चार मूळच्या उपजाती या उपक्रमात धरल्या आहेत. प्रत्येक उपजात तिच्या मूळच्या पाणलोटातच गळाला लागली पाहिजे. माशाचा फोटो, तारीख आणि ठिकाण खात्याला कळवलं की प्रमाणपत्र मिळतं. मुदत कसलीही नाही, एका उन्हाळ्यात करा किंवा दहा वर्षांत. पण गाडी काढून सलग केलं तर आठवड्याभरात होण्यासारखं आहे. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींची यलोस्टोनची सहल कधी ना कधी होतेच. तिला चार-पाच दिवस जोडले की हा सगळा मार्ग बसतो.

'मूळचा' या शब्दाला इथे फार वजन आहे. काश्मीर, हिमाचल किंवा निलगिरीत ज्यांनी ट्राउट धरला असेल, त्यांनी इंग्रजांच्या काळात बाहेरून आणून सोडलेला मासा धरला. वायोमिंगमध्येही ब्राउन ट्राउट युरोपातून आला, ब्रूक ट्राउट अमेरिकेच्या पूर्व भागातून आणि रेनबो पॅसिफिकच्या बाजूने. कटथ्रोट मात्र इथलाच. जबड्याखाली दोन्ही बाजूंना लाल-केशरी रेघ असते, त्यावरून हे नाव पडलं. आणलेल्या माशांनी त्याचं फार नुकसान केलं आहे. ब्रूक ट्राउट ओढ्यातली जागा आणि अन्न बळकावतो, तर रेनबोचा कटथ्रोटशी संकर होतो आणि मूळचा वंशच पुसला जातो. म्हणूनच शुद्ध कटथ्रोट आज बहुतेक वरच्या थंड ओढ्यांत उरला आहे.

आमच्या मते या सहलीत फ्लायच्या, म्हणजे गळावर पिसं-धागे बांधून केलेल्या नकली किड्यांच्या, डबीपेक्षा नकाशा महत्त्वाचा. आपण कुठल्या पाणलोटात उभे आहोत हे कळल्याशिवाय हातातला मासा कोण हे ठरत नाही. ब्रिजर-टीटन राष्ट्रीय वनात ट्राय-बेसिन डिव्हाइड (डिव्हाइड म्हणजे जलविभाजक) नावाची जागा आहे. तिथे तीन खोरी एकमेकांना टेकतात. ग्रेज नदी उत्तरेला वाहत स्नेक नदीला मिळते, तिथून कोलंबिया नदी आणि मग पॅसिफिक. ला बार्ज क्रीक पूर्वेला ग्रीन नदीत जाते, म्हणजे कोलोरॅडोच्या खोऱ्यात. स्मिथ्स फोर्क बेअर नदीला मिळते आणि ते पाणी समुद्राला न जाता ग्रेट सॉल्ट लेकमध्ये संपतं. तिन्ही बाजूंना कच्चे रस्ते उतरतात, आणि प्रत्येक रस्त्याच्या कडेला वेगळा कटथ्रोट आहे. जमेल त्याला तीन उपजाती एका दिवसातही मिळतात, पण आम्ही तीन दिवस ठेवायला सांगू. हे ओढे घाईने उरकण्यासारखे नाहीत.

वेळ साधारण जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. जूनमध्ये बर्फ वितळतं, पाणी गढूळ आणि जोरात असतं, घाटमाथ्याचा रस्ताही बऱ्याचदा बंद असतो. ऑगस्टमध्ये नाकतोडे, मुंग्या, भुंगेरे पाण्यात पडतात आणि मासे वर बघायला लागतात. दुपारी विजांचं वादळ होतं. तेव्हा उघड्यावर ग्राफाइटची काठी हातात धरून उभं राहू नये.

सॉल्ट लेक सिटीकडून येणाऱ्यांनी केमरर गाठावं, तिथून १८९ नंबरच्या हायवेने ला बार्ज. केमररच्या पश्चिमेला फॉसिल ब्यूट आहे, पाच कोटी वर्षांहून जुन्या माशांचे जीवाश्म तिथल्या खडकात सापडतात. माशांत रस असेल तर तास-दोन तास द्यावेत. पेट्रोलची टाकी इथेच भरून घ्या. ला बार्ज क्रीकच्या रस्त्याने वर चढून ग्रेजच्या बाजूने अल्पाइनला उतरेपर्यंत शंभर मैलांच्या आसपास अंतर आहे, वाटेत पंप नाही आणि मोबाइलला रेंजही नाही. नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा.

ला बार्ज क्रीकचा खालचा भाग रँचेसमधून जातो, तो सोडून द्या. वायोमिंगचा कायदा इथे नीट समजून घ्यायला हवा. पाणी सार्वजनिक असलं तरी खासगी जमिनीतून वाहणाऱ्या ओढ्याचा तळ जमीनमालकाचा असतो. होडीतून तरंगत जाता येतं, पण तळाला पाय लावला किंवा नांगर टाकला की अतिक्रमण. शेजारच्या मोंटानातले नियम वेगळे आहेत, तिकडून येणारे इथे हमखास अडकतात. राष्ट्रीय वनाची हद्द सुरू झाल्यावरच काठी बाहेर काढा.

वरच्या भागात कोलोरॅडो रिव्हर कटथ्रोट आहे. या शतकाच्या सुरुवातीला खात्याने इथले बाहेरचे मासे रोटेनोन हे मासे मारणारं औषध वापरून काढले आणि मूळचा कटथ्रोट परत सोडला. चौघांत हा सर्वांत रंगीत. नराच्या पोटावर गडद लाल रंग असतो, ठिपके शेपटीकडे दाट. आकाराने लहान, बराचसा सहा ते दहा इंच, पण दिसायला याच्या तोडीचा दुसरा नाही.

ओढा अरुंद आणि काठावर विलोची झुडपं, त्यामुळे काठी ३ किंवा ४ वेटची (वेट म्हणजे दोरीच्या वजनाचा आकडा, लहान तितकी हलकी), साडेसात ते आठ फुटांची घ्यावी. नऊ फुटी काठी वर फांद्यांत अडकते. लीडर, म्हणजे दोरीच्या टोकाचा निमुळता धागा, साडेसात फूट, ४एक्स (एक्सचा आकडा मोठा तितका धागा बारीक), त्याला दीड-दोन फूट ५एक्स टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा शेवटचा बारीक धागा. पाण्याच्या खालच्या अंगाने वर चालत जायचं. मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, त्यामुळे पाठीमागून येणारा माणूस त्याला उशिरा दिसतो. वाकून चाला, सावली डोहावर पडू देऊ नका, आणि पहिली फेक डोहाच्या शेपटाकडे टाका. आधीच वरच्या टोकाला टाकली तर खालचे मासे घाबरून वर पळतात आणि अख्खा डोह बिघडतो.

मागे जागाच नसेल तिथे धनुष्यफेक. काठीच्या लांबीपेक्षा थोडी कमी दोर बाहेर ठेवायची. फ्लायच्या गळाचा वाक दोन बोटांच्या चिमटीत धरायचा, टोक बाहेरच्या बाजूला. फ्लाय कानापाशी मागे ओढली की काठी वाकते. दुसऱ्या हाताने दोर काठीला घट्ट दाबून धरायची, टोकाने नेम धरायचा आणि चिमूट सोडायची. दोर दाबलेली नसेल तर ताण रीळकडे निसटतो आणि फ्लाय पायाशी पडते. मध्ये हवी तेवढी झुडपं असली तरी पंधरा फुटांवरचा खड्डा असा गाठता येतो.

फ्लाय साध्या पुरतात (पुढचे आकडे गळाच्या मापाचे, आकडा मोठा तितका गळ लहान): एल्क हेअर कॅडिस १४ आणि १६, पॅराशूट ॲडम्स १४ ते १८, पिवळा स्टिम्युलेटर १२, काळी मुंगी १६. वर काही येईना तर फेझंट टेल किंवा हेअर्स इअर निंफ (पाण्यात बुडणारी फ्लाय) १६, ड्रायच्या, म्हणजे तरंगणाऱ्या फ्लायच्या, गळाच्या वाकाला अठरा इंच टिपेट बांधून खाली. पण झुडपांत दोन फ्लायचा गुंता सोडवण्यात सकाळ जाते, म्हणून अशा ओढ्यांवर एकच ड्राय बरी. दोन-तीन मासे लागल्यावर फ्लाय बुडायला लागते, कारण तिला माशाचा चिकट बुळबुळीत थर बसतो. त्यावरच फ्लाय तरंगती ठेवणारं जेल लावलं तर पाणी आतच कोंडतं. आधी पाण्यात खळबळून धुवा, कापडात दाबा, सुकवण्याची पावडर लावा आणि मगच जेल.

सर्वांत जास्त मासे सुटतात ते घाईच्या झटक्याने. कटथ्रोट सावकाश वर येतो, फ्लाय तोंडात घेतो, तोंड मिटतो आणि मग खाली वळतो. तोंड दिसताक्षणी काठी उचलली तर फ्लाय मोकळीच बाहेर येते. मासा खाली वळू द्या, मग काठी नुसती वर घ्या. रेनबोवर शिकलेल्या हाताला हे फार जड जातं. दुसरं कारण ओढ. मधला वेगवान प्रवाह दोरीला पोट पाडतो आणि फ्लाय पाण्यावर रेघ काढत पळते. जवळ जा, काठीचं टोक उंच ठेवा, म्हणजे दोर पाण्याला लागतच नाही. वीस फुटांपलीकडे फेकायची गरज इथे क्वचितच पडते.

डिव्हाइड ओलांडून स्मिथ्स फोर्कच्या बाजूला उतरलं की बॉनव्हिल कटथ्रोट. त्याचे ठिपके मध्यम, गोल आणि अंगभर सारखे पसरलेले, रंग जरा फिका. बेअर नदी पूर्वी स्नेकला मिळत असे. आयडाहोत लाव्हाने तिची वाट अडवली आणि ती दक्षिणेला, तेव्हाच्या बॉनव्हिल सरोवराकडे वळली. त्यामुळे इथला मासा वंशाने यलोस्टोन कटथ्रोटच्या जवळचा आहे. मुख्य धारेत जमलं नाही तर हॉबल क्रीक आहे, आणि तिथल्या कॅम्पग्राउंडवरून पायवाटेने लेक ॲलिस. दरड कोसळून तयार झालेलं हे तळं, त्यातही हाच मासा.

परत वर येऊन ग्रेज नदीच्या रस्त्याने उत्तरेला निघा. वरच्या टोकाला नदी उडी मारून ओलांडता येईल एवढी, खाली अल्पाइनपाशी चांगली रुंद. इथे ५ वेटची नऊ फुटी काठी. फॉरेस्ट पार्क, मूस फ्लॅट अशी कॅम्पग्राउंड्स काठावरच आहेत. स्नेक रिव्हर फाइन-स्पॉटेड हा इथला कटथ्रोट. अंगावर मिरपूड भुरभुरावी तसे बारीक असंख्य ठिपके. हा जोरदार पाण्यात राहणारा, त्यामुळे मोठी, तरंगणारी फ्लाय चालते: चब्बी चेर्नोबिल ८ ते १०, नाकतोडा १०. अशा फ्लायला ५एक्स टिपेट लावू नका. हवेत फिरताना ती पंख्यासारखी गरगरते, टिपेटला पीळ पडतो आणि गाठीपाशी तुटतं. ३एक्स किंवा ४एक्स, आणि लांबी थोडी कमी. एक लक्षात ठेवा: फाइन-स्पॉटेड कटथ्रोट राज्यात इतरत्रही सोडलेला आहे. तिथे धरलेला स्लॅममध्ये धरत नाहीत, मूळच्या खोऱ्यातलाच लागतो.

चौथा यलोस्टोन कटथ्रोट, आणि त्याच्यासाठी जॅक्सनवरून उत्तरेला जायचं. यलोस्टोन नदीचं पाणी अटलांटिकच्या बाजूला जातं. पॅसिफिककडचा हा मासा खंडाचा कणा ओलांडून पलीकडे गेला तो टू ओशन पासवरून. टीटन विल्डरनेसमधल्या या खिंडीत एकच ओढा दोन भागांत फुटतो. एक अटलांटिक क्रीक, दुसरा पॅसिफिक क्रीक. मासे तिथून पोहतच पलीकडे गेले.

यलोस्टोन पार्कमध्ये लामार नदी, सोडा ब्यूट क्रीक, स्लू क्रीक ही ठिकाणं. पोहोचायला सोपी, ऑगस्टमध्ये गर्दी. लामारला वरच्या बाजूला वादळ झालं की पाणी चिखलाचं होतं आणि निवळायला एक-दोन दिवस जातात. एक दिवस हाताशी राखून ठेवाच. गर्दी नको असेल तर पार्कबाहेर, मीटीत्सीच्या वरच्या बाजूची ग्रेबुल नदी. यलोस्टोन कटथ्रोटचे ठिपके मोठे, गोल, शेपटीकडे गोळा झालेले, अंग पिवळसर-तपकिरी. पंखांच्या टोकाला पांढरी किनार आणि डोक्यावर पुष्कळ ठिपके दिसले तर रेनबोच्या संकराचा संशय घ्या.

पार्कात राज्याचा परवाना चालत नाही, तिथला वेगळा काढावा लागतो. गळ काटा दाबलेले, शिशाची वजनं बंद, आणि फेल्टच्या (नमद्याच्या) तळव्याचे बूट २०१८ पासून मना आहेत, कारण ओल्या फेल्टमधून रोगजंतू आणि परके जीव एका ओढ्यातून दुसऱ्यात जातात. चार खोरी फिरणाऱ्याने रबरी तळवेच घ्यावेत, आणि प्रत्येक डिव्हाइड ओलांडण्याआधी बूट, वेडर (पाण्यात उतरायची जलरोधक विजार), जाळी घासून चिखल काढून वाळवावी. राज्यातले नियम ओढ्यागणिक बदलतात; चालू वर्षाची पुस्तिका जवळ असू द्या.

मासा हाताळताना आधी हात ओले करा. फोटो काढणारा तयार झाल्याशिवाय मासा रबरी जाळीतून उचलू नका. पाण्याच्या वर वीतभर, एका बाजूने पूर्ण अंग, ठिपके आणि जबड्याखालची रेघ दिसेल असा, तीन-चार सेकंद. बोटं कल्ल्यांत घालायची नाहीत, पोट दाबायचं नाही. दुपारी पाण्याचं तापमान मोजा. ६५ अंश फॅरनहाइटच्या पुढे गेलं तर थांबायचा विचार करा, ६८ झालं तर थांबाच. गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो, मासा पोहत गेलेला दिसतो आणि नंतर मरतो.

अस्वलांसाठी बेअर स्प्रे (अस्वलाला पळवणारा तिखटाचा फवारा) कमरेला हवा, बॅगेत नको. विमानात तो कुठल्याच सामानात चालत नाही, जॅक्सनला किंवा वाटेत विकत घ्या. विलोच्या दाटीत ओढ्याच्या आवाजात अस्वलाला तुमची चाहूल लागत नाही, तेव्हा बोलत चला. जेवण, टूथपेस्ट, कचरा सगळं बंद गाडीत किंवा अस्वलपेटीत.

गाडीचं एक शेवटचं. भाड्याच्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्याला बऱ्याचदा मनाई असते, आधी वाचा. स्टेपनी पूर्ण मापाची आहे का बघा. धारदार खडीवर टायर फाटतो आणि छोट्या स्टेपनीवर पन्नास मैल खडी पार होत नाही. हाताचा पंप, पंक्चरचं सामान, जॅक टेकायला लाकडाची फळी. ग्रेजच्या रस्त्यावर खडीच्या लाटा असतात, तिथे वेग ताशी पंचवीस मैलांपर्यंतच ठेवा, आणि काठ्यांचे तुकडे सुटे करून नळीत घालूनच गाडीत ठेवा. डॅशबोर्डवर जोडून ठेवलेल्या काठीचं टोक दार लावताना तुटतं.