मचाण सोडून जमिनीवर: विस्कॉन्सिनमध्ये धनुष्यबाणाने हरणाची शिकार

भारतात शिकारीवर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे आणि ती हवीच. खाली जे लिहिलंय ते सगळं अमेरिकेतलं, विस्कॉन्सिन राज्यातलं, लायसन्स काढून, सीझनमध्ये आणि राज्याच्या डीएनआरच्या (नैसर्गिक संसाधन विभाग) नियमात बसवून केलेलं. रक्त आणि मटण दोन्ही येणार आहे, ज्यांना नको त्यांनी इथूनच वळा.

जागा म्हणजे मॅडिसनच्या पश्चिमेला, स्प्रिंग ग्रीन गावाच्या पुढे विस्कॉन्सिन नदीच्या उत्तर काठाने हायवे ६० जातो, त्याच्या वरच्या अंगाच्या टेकड्या. नदीकाठचा हा पट्टा लोअर विस्कॉन्सिन स्टेट रिव्हरवे म्हणून राखलेला आहे आणि त्यातली बरीच जमीन पब्लिक शिकारीला खुली आहे. या भागाला ड्रिफ्टलेस म्हणतात कारण हिमयुगातल्या हिमनद्या इथून फिरल्याच नाहीत, त्यामुळे बाकीचं राज्य रंधा मारल्यासारखं झालंय आणि इथे मात्र उभे उतार, सोंडा, घळी, खिंडी असं सगळं शिल्लक आहे. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला नकाशा वाचायला अजिबात त्रास होत नाही, उंची फक्त कमी. आम्ही ऑक्टोबरच्या शेवटी गेलो, ओकची पानं तांबूस झालेली आणि खाली नदीवर सँडहिल क्रौंचांचा आरडाओरडा दिवसभर चालू.

इथले बहुतेक धनुष्यवाले झाडावर मचाण बांधून बसतात आणि त्याला कारणं आहेत, माणसाचा वास बऱ्याचदा हरणाच्या डोक्यावरून निघून जातो, हालचाल त्याच्या नजरेच्या रेषेत येत नाही, आणि बाण वरून खाली जातो म्हणून नेम चुकला तरी जमिनीत घुसतो. मग मी खाली का बसलो? एक तर मला उंचीची भीती आहे आणि ती घालवायची हौस नाही, झाडावरून पडून जायबंदी होणारे शिकारी इथे दरवर्षी असतात. दुसरं म्हणजे या दक्षिण भागात डीएनआरच्या जमिनीवर मचाण काय नि तंबू काय, रोज शिकारीची वेळ संपली की काढून परत न्यावं लागतं, ते ओझं घेऊन त्या उतारावर अंधारात चढायचं म्हणजे घाम फुटणार आणि घाम फुटला की वास आलाच. सोबत आलेला नागपूरचा मित्र (तो शिकार करत नाही, ओढायला आणि खायला येतो) मात्र गाडीतून उतरल्यापासून एकच विचारत होता, "काऊन बे, सगळे वर बसतात आन् तू खाली काऊन बसून राहिला?"

पॉप-अप तंबूबद्दल (झटकन उघडणारा, आत लपून बसायचा) आधी सांगतो कारण नवीन माणूस पहिले तोच विकत घेतो. खासगी शेतावर तो उत्तम, महिनाभर आधी लावून ठेवा, हरणं त्याला सरावतात, मग आत काळे कपडे घालून मागच्या खिडक्या बंद ठेवून बसा, म्हणजे पाठीमागून उजेड येऊन तुमची सावली दिसत नाही. पण पब्लिक जमिनीवर तो रोज उचलायचा असल्यामुळे सरावायला वेळच मिळत नाही, काल नसलेलं काहीतरी चौकोनी आज तिथे उभं आहे हे हरणाला लगेच कळतं. तिथे जे आहे त्याचाच आडोसा बरा. जमिनीवर पडलेल्या मेलेल्या फांद्या, काटक्या रचून आडोसा केलेला चालतो, पण उभी झाडं-झुडपं तोडायची नाहीत, स्वतःसाठी बाणाची वाट साफ करायलासुद्धा नाही. मला सापडला तो वादळात उपटून पडलेला मोठा ओक, मुळांचा मातीसकट गड्डा छातीइतका उंच उभा, त्याच्या पुढे दोन-चार वाळक्या फांद्या टाकल्या आणि पाठ गड्ड्याला लावून बसलो. आडोसा समोर असण्यापेक्षा पाठीमागे असणं जास्त महत्त्वाचं आहे, माणसाचा आकार मागच्या काळोखात मिसळला पाहिजे.

कपड्यांवर लोक नको तेवढा पैसा घालतात. हरणाला लाल-केशरी रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही, निळा मात्र चांगला दिसतो, म्हणून जीन्स नको, आणि कपडे उजळ करणाऱ्या डिटर्जंटने धुवू नका, त्यातली चमक हरणाच्या डोळ्याला आपल्यापेक्षा जास्त जाणवते. एवढं पाळलं तरी पुरे. त्याला दोन्ही बाजूंचं जवळजवळ सगळं दिसतं आणि त्यात काय हललं ते आधी दिसतं, त्यामुळे महागडा कॅमो घालून सारखा मोबाईल काढणारा माणूस साधा तपकिरी स्वेटर घालून गप्प बसलेल्यापेक्षा लवकर पकडला जातो.

आता वारा. जमिनीवर बसायचं असेल तर सगळं गणित वाऱ्याचं आहे, बाकी सामान नंतर. वर बसणाऱ्याला वाऱ्यात थोडंफार चुकलं तर निभावतं, खाली नाही निभावत. आणि डोंगराळ भागात हवामानाच्या ॲपवरचा वारा हा अर्धाच वारा असतो, उरलेला अर्धा उतारावरची हवा ठरवते. ऊन तापलं की हवा उतारावरून वर चढते, ऊन गेलं की थंड होऊन खाली घसरते, थंडीत सकाळी चुलीचा धूर कसा जमिनीलगत सखल भागाकडे पसरतो अगदी तसंच. म्हणून सकाळी ऊन आल्यावर हरणाच्या वरच्या अंगाला बसायचं आणि संध्याकाळी खालच्या. अरुंद घळीत बसूच नका, तिथे वारा गोल फिरतो आणि कुठूनही आलं तरी हरणाला वास लागतोच. वारा बघायला पावडरची बाटली मिळते पण मिल्कवीडची शेंग फुकट मिळते, रस्त्याच्या कडेला भरपूर, आपल्या रुईच्याच कुळातलं झाड आहे. त्यातली एक-एक म्हातारी सोडायची आणि ती कुठे जाते ते बघत बसायचं, पावडर हातभर अंतरावर दिसेनाशी होते, ही मात्र तीस-चाळीस यार्ड जाऊन तिथे कुठे वळते तेही दाखवते.

त्या संध्याकाळी वारा वायव्येचा होता. असा वारा असला की हरणं धारेच्या आग्नेय बाजूला, वरच्या एक-तृतीयांश भागात बसून रवंथ करतात, पाठीमागून वास येतो आणि समोरचं सगळं दिसतं. तिथून एक सोंड खाली उतरते, मध्ये थोडा सपाट टप्पा आहे, त्यावर व्हाइट ओकची झाडं आणि खाली एकॉर्नचा म्हणजे ओकच्या फळांचा सडा. फुटलेल्या टोप्या, ओल्या लेंड्या, पानं उकरलेली, म्हणजे इथे रोजचं येणं-जाणं आहे. हरणं वरून येणार, वारा वरून येणार, आणि पूर्वेकडच्या उतारावर ऊन लवकर जात असल्याने हवाही लवकर खाली घसरायला लागणार, तिन्ही गोष्टी एकाच दिशेला. धोका फक्त एवढाच की ती मला ओलांडून खाली गेली की वास लागला, म्हणजे बाण त्याच्या आधी सुटायला हवा. उपटलेला ओक त्या टप्प्याच्या खालच्या कडेला होता म्हणून ही जागा, नाहीतर आडोसा कितीही झकास असता तरी मी तिथे बसलो नसतो.

बूड टेकायला तिपाई न्या, बुटकी पण फार बुटकी नको, कारण कंपाउंड (दोन्ही टोकांना चाकं असलेल्या) धनुष्याचं खालचं चाक मांडीला किंवा स्टुलाला लागतं. घरी सराव करताना सगळे उभं राहून करतात, तुम्ही बसून, गुडघ्यावर, जाड जॅकेट घालून, वळून करा. पायाखालची वाळकी पानं बूटभर जागेत साफ करा. आणि समोरच्या बारीक फांद्या बघून ठेवा, बाण सरळ रेषेत जात नाही, थोडा वर उचलून खाली येतो, त्यामुळे नेम धरताना मोकळी दिसणारी वाट बाणाला मोकळी असेलच असं नाही. मी स्वतःला वीस यार्डांची मर्यादा घातली होती.

त्या उतारावरचं ऊन गेल्यावर अर्ध्या तासाने दोन माद्या सोंडेवरून उतरल्या. पुढची म्हातारी होती, तिला काहीतरी खटकलं, मान वर करून माझ्याकडे बघत खूर आपटला. अशा वेळी काहीही करायचं नाही, डोळे बारीक करायचे आणि सरळ तिच्या डोळ्यात बघायचं नाही. मग तिने डोकं खाली घातलं, चरल्यासारखं केलं आणि झटकन वर काढलं, हा त्यांचा डाव असतो, आपण हललो का ते बघायला. दोनदा केलं असं. तेवढ्यात मागची पुढे आली, एकॉर्न खात खात, आणि तिचं डोकं एका जाड हिकरीच्या खोडामागे गेलं. दोरी ओढायची ती याच क्षणी, आणि म्हातारी पण तेव्हा खाली बघत असली पाहिजे. मचाणावर असताना लोक तोंडाने "मॅ" असा आवाज काढून चालतं हरीण थांबवतात, जमिनीवर नका करू, वर असताना आवाज कुठून आला ते तिला सापडत नाही, इथे ती सरळ तुमच्या तोंडाकडे बघते. मी ओढून धरून थांबलो, कंपाउंडला पूर्ण ओढल्यावर वजन बरंच कमी होतं म्हणून थांबता येतं, ती खोडाच्या पलीकडे आडवी उभी राहिली, साधारण पंधरा यार्ड, मागे चढाची माती. बाण सोडला.

मागे माती होती हे मुद्दाम लिहितोय. जमिनीवरून बाण आडवा जातो, हरणाच्या पलीकडे काय आहे ते माहीत नसेल तर सोडायचाच नाही, ही पब्लिक जमीन आहे, तुमच्यासारखाच कोणीतरी गप्प बसलेला असू शकतो. आणि समोरून किंवा तुमच्याकडे तिरकी वळलेली असेल तरी नाही, खांद्याचं हाड आडवं येतं. आडवी किंवा तुमच्यापासून लांब तिरकी, तेवढंच.

अजून एक फरक म्हणजे वरून मारलेला बाण खालून बाहेर पडतो आणि रक्त लगेच सांडतं, खालून मारलेला दोन्ही फुप्फुसांतून जाऊन त्याच उंचीवर बाहेर पडतो, त्यामुळे सुरुवातीला जमिनीवर थेंबसुद्धा दिसत नाही आणि माणूस घाबरतो. बाण शोधा. माझ्या बाणावर गुलाबी, बुडबुड्यांचं रक्त होतं, म्हणजे फुप्फुस. तरी अर्धा तास मागावर निघालो नाही. बाणाला हिरवट घाण आणि वास असेल तर पोटात लागलाय, मग गुपचूप माघारी फिरायचं आणि आठ-बारा तासांनी यायचं, लगेच मागे लागलात तर उठून दुसऱ्या डोंगरावर जाईल. आमची मादी शंभर यार्डांच्या आत, घळीच्या तोंडाशी पडलेली मिळाली. कोथळा तिथेच काढला, आणि ओढायला लहान मुलांची बर्फावरची प्लास्टिकची घसरगाडी आणली होती ती वाळक्या पानांवरही मस्त चालते. नागपूरकराचे प्रश्न तिथे बंद झाले, दम लागला होता.

कागदपत्रांचं थोडक्यात. १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मला असाल तर लायसन्ससाठी हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. फार्मलँड झोनमध्ये लायसन्सबरोबर मादीचं परमिट मिळतं पण त्यावर काउंटी आणि पब्लिक की खासगी ते ठरलेलं असतं, काढताना नीट निवडा. धनुष्य कमीत कमी ३० पाउंड ताणाचं, बाणाचं पातं पाऊण इंचापेक्षा थोडं जास्त म्हणजे ७/८ इंच रुंद आणि धारदार. हरीण मिळालं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ च्या आत ऑनलाइन नोंद. व्हिसावर असलेल्यांसाठी, बंदुकीला फेडरल कायद्याच्या वेगळ्या अटी लागतात, धनुष्य त्या कायद्यात फायरआर्म धरलं जात नाही, आपले बरेच लोक म्हणूनच इकडे वळतात.

सीडब्ल्यूडी टाळू नका. हरणाच्या मेंदूचा हा रोग विस्कॉन्सिनमध्ये २००२ मध्ये पहिल्यांदा सापडला तोच या भागात, माउंट होरेबजवळ. माणसाला झाल्याची नोंद नाही, तरी रोग निघालेलं मटण खाऊ नका असंच सीडीसी (अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था) सांगते. डीएनआरच्या पेट्या ठेवलेल्या असतात, मानेच्या तुकड्यासकट डोकं त्यात टाकायचं, फुकट आहे, रिझल्ट येईपर्यंत मटण वेगळं लेबल लावून फ्रीझरमध्ये. आमचं निगेटिव्ह आलं.

मटणाला स्वतःची चरबी जवळजवळ नसते आणि जी बाहेरून असते ती सगळी काढून टाका, गार झाली की टाळूला चिकटते. पाठीचा लांब तुकडा सुक्क्यात घालून वाया घालवू नका, मीठ-मिरी लावून तव्यावर वरवर भाजा. सुक्कं मांडीचं, नळ्या कुकरला, उरलेलं खिम्याला, खिम्यात थोडं तेल जास्त.

जाणार असाल तर नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा सगळ्यात चांगला, नर माद्यांच्या मागे दिवसाढवळ्या फिरतात. थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरचा चौथा गुरुवार) आधीच्या शनिवारी बंदुकीचा नऊ दिवसांचा सीझन सुरू होतो, तेव्हा हातात धनुष्य असलं तरी कमरेच्या वर निम्म्याहून कमी नाही एवढं भडक केशरी किंवा गुलाबी अंगावर लागतं, तंबू वापरलात तर त्यावरही १४४ चौरस इंच, चारही बाजूंनी दिसेल असं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पोरांचा बंदुकीचा वीकेंड असतो, त्यालाही हेच लागू. गोचिडांसाठी पँटला आधी परमेथ्रिन हे कीटकनाशक मारा आणि घरी आल्यावर अंग तपासा, गोचिडांमुळे होणारा लाइम रोग इथे भरपूर आहे. आणि बंदुकीच्या त्या दिवसांत जमिनीवर बसणाऱ्याने खिशात पांढरा रुमाल ठेवूच नये, झुडपातून हलणारं पांढरं म्हणजे दुरून बघणाऱ्याला हरणाची शेपटी.