तुम्ही विचारलंत म्हणून: त्या इंजेक्शनाची गोळी का नाही?

कमाटीबागेत सकाळी फिरताना, दांडिया बाजारात भाजी घेताना, एकदा तर मुंजीच्या पंगतीत, लोकांनी मला हाच प्रश्न विचारला आहे: "सर, मधुमेहाची आणि वजनाची ही नवी इंजेक्शने आली आहेत, त्यांची साधी गोळी का काढत नाहीत?" मी वडोदऱ्यात आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले, त्यामुळे औषध घ्यावे की नाही हे तुमच्या डॉक्टरांना विचारा, असे सांगून मी सुटतो, पण गोळी का नाही, हा प्रश्न मात्र माझ्याच विषयातला आहे.

या इंजेक्शनांतले एक औषध म्हणजे सेमाग्लुटाइड. ते ३१ अमिनो आम्लांचे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचेच धाकटे भावंड, आणि प्रथिनांचे तुकडे पाडणे हे तर जठराचे नित्याचे काम. सेव-उसळीतला वाटाणा आणि हजारो रुपयांचे औषध यांत ते भेद करत नाही. इन्शुलिन १९२२ साली प्रथम रुग्णाला टोचले, ते आजही बहुतांशी टोचावेच लागते, त्याचे मुख्य कारण हेच.

सेमाग्लुटाइड ज्याची नक्कल आहे, ते आपल्या आतड्यातले जीएलपी-१ हे संप्रेरक मुळात रक्तात जेमतेम दोन मिनिटे टिकते, कारण डीपीपी-४ नावाचे विकर (एन्झाइम) त्याला लगेच कापते. रसायनतज्ज्ञांनी त्यातले नेमके कापले जाणारे ठिकाण बदलले आणि त्याला मेदाम्लाची लांब शेपटी जोडली. ती रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहते, म्हणून एक इंजेक्शन आठवडाभर पुरते. मला ही युक्ती फार देखणी वाटते.

गोळी निघालीच नाही असे मात्र नाही. अमेरिकेत २०१९ साली सेमाग्लुटाइडच्या गोळीला मधुमेहासाठी मान्यता मिळाली. तिच्यात साल्काप्रोझेट सोडियम घातलेले असते, जे गोळीभोवतीची आम्लता तेवढ्यापुरती कमी करते आणि औषधाला जठराच्या अस्तरातून आत शिरायला मदत करते. तरीही शंभरातला जेमतेम एक भाग रक्तापर्यंत पोचतो. इंजेक्शनाने आठवड्याला १ मिलिग्रॅम दिले जाते, तिथे गोळीने रोज १४, म्हणजे आठवड्याला ९८ मिलिग्रॅम गिळावे लागते! शिवाय ती उपाशीपोटी, अर्धा कप पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा तास तोंडात काही घालायचे नाही. आमच्या शेजारच्या काकू ती पहिल्या चहाबरोबर, खारी बुडवता बुडवता घेत होत्या आणि गुण येत नाही म्हणून कंपनीला बोल लावत होत्या.

आता वाट निराळी दिसते. ऑर्फोरग्लिप्रॉन हा रेणू पेप्टाइड नाहीच. जपानच्या चुगाई कंपनीने घडवलेला हा लहान रेणू जीएलपी-१ च्याच ग्राहीला, म्हणजे पेशीवर ते जिथे बसते त्या जागेला, जाऊन बसतो, आणि जठराला त्यात पचवण्याजोगे काही सापडत नाही. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या ७२ आठवड्यांच्या चाचणीत सर्वाधिक मात्रेने वजन सरासरी सुमारे ११ टक्के घटले. टिर्झेपेटाइड या अशाच दुसऱ्या औषधाच्या इंजेक्शनाने त्याच्या स्वतंत्र चाचणीत तेवढ्याच काळात सुमारे २१ टक्के घट दाखवली होती; दोन चाचण्या शेजारी ठेवून निकाल लावणे रास्त नाही, पण गोळी आली की इंजेक्शन संपले, असे मी तरी म्हणणार नाही.

हे सारे ऐकून काकूंनी एवढेच विचारले, "त्या नव्या गोळीबरोबर चहा चालेल का?" चाचणीत खाण्यापिण्याचे बंधन नव्हते, असे मी सांगितले. तूर्त त्यांच्याकडे चहाचे आधण अर्धा तास उशिरा चढते.