अष्टकोनी डबा: दक्षिण बाजू अखेर निळी झाली

सापडलं! गच्चीत ठेवलेल्या अष्टकोनी डब्याच्या बाजूंचे फोटो काढून कुठल्या दिशेचा उजेड किती निळा ते मी मोजतोय. त्यात दक्षिणेचा आकडा ६६०० केल्विनवर (रंग-तापमान: आकडा मोठा तितका उजेड निळा) अडून बसायचं कारण गच्चीच्या लाल टाइल्स.

डबा तोच, आठही बाजूंना पांढरे नमुने, व्हाइट बॅलन्स लॉक (कॅमेरा आपोआप रंग बदलत नाही), सगळं रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले फोटो). उन्हाकडची बाजू ५२०० च्या आसपास येते, त्यात नवल नाही. पण सावलीतल्या दक्षिण बाजूवर फक्त आकाशाचा उजेड, तिथे ९००० च्या घरात तरी जायला हवं ना? वर टिंट (हिरवा ते मॅजेंटा हा रंगाचा कल) मॅजेंटाकडे, म्हणजे जांभळट गुलाबीकडे झुकलेला. लेन्स बदलली, सॉफ्टवेअर बदललं, आकडा ढिम्म. ऑनलाइनचं ग्रे कार्ड (रंग जुळवायला वापरतात ते करडं कार्ड) तर आधीच बाद केलंय. दर पाकिटाला करडा वेगळा. नमुन्यांसाठी प्लंबरची टेफ्लॉन टेप भरपूर पदरांनी गुंडाळा, स्वस्त आणि खरोखर पांढरी.

मेख अशी की उभ्या पृष्ठभागाच्या वाट्याला आकाश निम्मंच येतं, उरलेली निम्मी जमीन. उन्हातल्या लाल टाइल्स खालून तांबूस उजेड फेकतात, तो आकाशाच्या निळ्यात मिसळला की मॅजेंटा. लक्ष्मी रोडवरून काळी मखमल आणून डब्याभोवती अंथरली (काळा कार्डशीट घेऊ नका, उन्हात चक्क चमकतो) आणि दक्षिण बाजू थेट ८८०० वर! टिंटही जवळपास शून्य. उन्हाकडची बाजू जेमतेम हलली. मे महिन्याच्या धुरकट आकाशात याहून जास्त मागणं म्हणजे हावरटपणा.

आणि हो, दक्षिणच. पुण्याचा अक्षांश १८.५, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत सूर्य दिवसभर उत्तरेच्याच अंगाला. चित्रकारांची ती प्रसिद्ध ‘नॉर्थ लाइट’ (उत्तरेच्या खिडकीतला, थेट ऊन नसलेला उजेड) कर्कवृत्ताच्या वरच्यांनी खुशाल वापरावी. जूनमध्ये माझं स्टिल लाइफ दक्षिणेच्या खिडकीत.

पुढे दर तासाला आठही बाजू मोजायच्या होत्या. पण पावसाळी ढग आले की सगळ्या दिशा ६५०० च्या आसपास सपाट होणार, मग मोजून काय करू? त्यापेक्षा डबा बाजूला ठेवून आतून काळी केलेली नळी घेतो आणि सूर्यापासून दर १५ अंशांवर आकाशाचा एकेक तुकडा मोजतो. सर्वात गडद निळा ९० अंशांच्या जवळपास मिळायला हवा. ध्रुवीकरणही (प्रकाशलहरींनी एकाच दिशेत कंप पावणं) तिथेच सर्वाधिक, म्हणजे त्याच नळीवर पोलरायझर (ते तपासणारा फिल्टर) चढवला तर दोन्ही कामं एका फेरीत! हे लिहिता लिहिताच सुचलं, पोलरायझर शोधायला हवा.

नळीसाठीच्या दोन इंची पीव्हीसी पाइपला आतून मॅट काळा रंग टिकत नाही, पापुद्रे निघतात. कोणी काय वापरलंय?