भोगवटा प्रमाणपत्र मागूनच घर घ्या

जुळे सोलापुरात फ्लॅट घेऊ पाहणाऱ्या आमच्या नात्यातील एका कुटुंबाने खरेदीखत, सात-बारा, मालमत्ता कराची पावती असे सारे काही तपासले होते; फक्त भोगवटा प्रमाणपत्र (बांधून झालेली इमारत वापरण्यास महापालिकेने दिलेली परवानगी) मागितले नव्हते. कराची पावती आहे म्हणजे बांधकाम अधिकृत आहे, हा समज आपल्याकडे फार खोल रुजला आहे. प्रत्यक्षात अनधिकृत बांधकामावरही महापालिका कर आकारते, आणि तो भरल्याने ते नियमित ठरत नाही.

बांधकाम परवानगी म्हणजे केवळ बांधण्याची मुभा. बांधलेली इमारत मंजूर नकाशाप्रमाणे आहे की नाही, सामासिक अंतरे (इमारतीभोवती मोकळी ठेवायची जागा) सोडली आहेत की ती झाकून खोल्या वाढवल्या आहेत, याची शहानिशा परवानाधारक अभियंत्याने किंवा वास्तुविशारदाने पूर्णत्वाचा दाखला दिल्यानंतरच होते. म्हणूनच महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६३ नुसार भोगवट्याच्या परवानगीवाचून नव्या इमारतीचा वापर सुरू करता येत नाही.

माझे आग्रहाचे सांगणे असे, की प्रमाणपत्रासोबत मंजूर नकाशाची प्रतही मागावी आणि ती हातात घेऊन इमारतीभोवती, गच्चीवर व वाहनतळात स्वतः फिरून पाहावे. प्रमाणपत्र कधीकधी काही मजल्यांपुरतेच दिलेले असते. त्यात आपला मजला आहे का, हे बयाणा देण्यापूर्वीच पाहावे.